दोघांनी मिळून शिडाची बोट बांधायची असेल तर : गोव्यातील नवख्यांसाठी मार्गदर्शन

शिडाची बोट स्वतःच्या हातांनी बांधावी, तिच्यावरच संसार थाटावा आणि किनाऱ्या-किनाऱ्याने प्रवास करावा, असे मनात असलेली जोडपी आम्हाला अधूनमधून भेटतात. बोट किती फुटांची असावी आणि खर्च किती येईल, हे त्यांचे पहिले दोन प्रश्न असतात. माझे पती आणि मी मिळून पेडणे तालुक्यात २८ फुटी बोट बांधली. त्या अनुभवावरून सांगते की या दोन्ही प्रश्नांच्या आधी एक कसोटी ठरवून घ्यावी. दोघांपैकी एकजण आजारी पडला, जखमी झाला किंवा पाण्यात पडला, तर दुसऱ्याला ही बोट एकट्याने चालवून बंदरात आणता येईल का? आराखडा, नांगराचे वजन, शिडांची रचना, इंजिन सुरू करण्याची पद्धत, इतकेच काय शिडीची उंचीसुद्धा याच कसोटीवर ठरवावी. आमच्या दोघांत अंगाने मी लहान असल्यामुळे प्रत्येक वस्तू विकत घेताना ती मला एकटीला हाताळता येते का, हे आम्ही दुकानातच करून पाहत असू.

आधी शीड, मग सुतारकाम

बोट बांधायला घेण्यापूर्वी दोघांनीही निदान एक हंगाम दुसऱ्याच्या बोटीवर शीड हाताळायला शिकावे. गोव्यात त्यासाठी दूर जावे लागत नाही. दोनापावलच्या परिसरात गोवा यॉटिंग असोसिएशन आहे आणि जवळच राष्ट्रीय जलक्रीडा संस्थाही आहे. शिकताना दोघांनी एकाच बोटीत बसून एकाने सुकाणू आणि दुसऱ्याने दोर अशी कायमची वाटणी करून घेऊ नये. ती सवय पुढे मोडत नाही आणि मग सुकाणू न धरलेली व्यक्ती नेमक्या अडचणीच्या वेळी परावलंबी ठरते. छोट्या, एकट्याने चालवायच्या बोटीत दोघांनी वेगवेगळे बसावे, उलटावे, बोट सरळ करून पुन्हा चढावे.

या कामासाठी गोव्याइतकी अनुकूल जागा आपल्या किनाऱ्यावर दुसरी नाही, असे माझे मत आहे. मांडवीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत ५६ फुटी ‘म्हादेई’ बांधली गेली आणि २००९ मध्ये ती नौदलात दाखल झाली. लाकडी गाभ्यावर फायबरग्लासचे थर चढवलेल्या याच बोटीतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता ती पूर्ण केली. त्याच गोदीतील ‘तारिणी’ घेऊन दिलना के. आणि रूपा ए. या दोन नौदल अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघाल्या आणि मे २०२५ मध्ये प्रदक्षिणा पुरी करून गोव्यातच परतल्या. या बोटी नौदलाच्या, अनुभवी हातांनी बांधलेल्या आणि आपल्या आवाक्याबाहेरच्या आहेत हे खरे; परंतु इथल्या दमट हवेत लाकूड, इपॉक्सी (लाकूड घट्ट जोडणारी राळ) आणि काचतंतू (फायबरग्लास) यांचे काम नीट होऊ शकते, याचा तो पुरावा आहे. शिवाय अशा कामात हात बसलेले सुतार आणि फायबरचे कारागीर या भागात भेटतात, हा लाभ वेगळाच.

आराखडा विकत घ्यावा, मनाने काढू नये

बोटीचा आराखडा जाणकार नौकारचनाकाराकडून विकत घ्यावा. एकूण खर्चाच्या मानाने त्याची किंमत अगदी किरकोळ असते आणि तेथे वाचवलेला पैसा सर्वांत महाग पडतो. आराखडा निवडताना तीन गोष्टी विचाराव्यात : बोटीला पाण्याखाली किती खोली लागते, तळाशी वजन किती आहे, आणि बोट किती अंशांपर्यंत कलली तरी आपोआप सरळ होते. खुल्या समुद्रात जाण्याचा विचार असेल तर हा शेवटचा आकडा १२० अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असावा. एकदा आराखडा घेतला की केबिनची उंची वाढवणे, टाक्या हलवणे असे बदल रचनाकाराला विचारल्याशिवाय करू नयेत, कारण वर वाढलेला प्रत्येक किलो बोटीची सरळ होण्याची ताकद कमी करतो.

गोव्याच्या नद्यांचा विचार करता सव्वा मीटरपेक्षा अधिक खोली लागणारी बोट नवख्यांनी घेऊ नये. नद्यांच्या मुखाशी वाळू साचते आणि उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील फरक साधारण दोन मीटर असतो. आम्ही दोन बाजूंना दोन आखूड कील (बोटीच्या तळाखालची वजनदार पाती) असलेला आराखडा निवडला. अशी बोट ओहोटीला चिखलात दोन पायांवर उभी राहते, त्यामुळे तळ धुणे, रंगवणे ही कामे क्रेनशिवाय होतात. वाऱ्याच्या विरुद्ध जाताना ती एका खोल कीलच्या बोटीपेक्षा थोडी मागे पडते, पण आम्हाला त्याची खंत कधी वाटली नाही.

लांबीबाबत सांगायचे तर दोघांना राहण्यासाठी २६ ते ३० फूट पुरतात. लांबी थोडी वाढली की वजन, शिडांचे क्षेत्रफळ, नांगर आणि खर्च हे सारे त्याहून कितीतरी वेगाने वाढतात. ३६ फुटी बोटीचे मोठे शीड जोराच्या वाऱ्यात एकट्याने आखडणे, म्हणजे गुंडाळून लहान करणे, हे वेगळ्याच ताकदीचे काम आहे.

जागा, परवानगी आणि पावसाचे वेळापत्रक

नदीकाठी चार बांबू आणि ताडपत्री उभारून काम सुरू करण्याचा मोह होतो, परंतु किनारी नियमन क्षेत्राचे नियम भरतीचे पाणी पोचणाऱ्या नद्यांच्या काठांनाही लागू असतात. त्यामुळे नवी शेड उभारण्यापेक्षा आधीपासून असलेली पक्की शेड भाड्याने घेणे सोयीचे. शेड घेण्यापूर्वी तिच्या दारातून बोट बाहेर निघेल का, ट्रेलर वळेल का, रस्त्यावर विजेच्या तारा किती उंचीवर आहेत आणि नदीत खालच्या अंगाला पूल आहे का, हे सारे मोजून घ्यावे. आमच्या वाटेत पूल होता, म्हणून बोट आधी पाण्यात उतरवली आणि पूल ओलांडल्यावरच डोलकाठी उभी केली.

काम सुरू करण्याआधी पणजीच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्यात आराखडा घेऊन जावे आणि नोंदणीसाठी कोणती कागदपत्रे व कोणत्या टप्प्यावर पाहणी लागेल हे लेखी विचारून घ्यावे. प्लायवूड, इपॉक्सी, इंजिन यांची बिले आणि प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये ठेवावीत. एकदा आतून रंग लागला की सांधे कसे केले आहेत हे कोणालाही दाखवता येत नाही.

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणून बांधकामाचे वर्ष नोव्हेंबरपासून मोजावे. नोव्हेंबर ते एप्रिल चिकटवण्याचे आणि काचतंतू चढवण्याचे काम करावे. मे महिन्यात नवीन काही न चिकटवता घासणे, छिद्रे पाडणे, आतील फर्निचरची मापे घेणे अशी कामे घ्यावीत. आणि पावसाळ्यात वायरिंगचे आराखडे, शिडांची शिवण, दोरांच्या गाठी व धातूचे सुटे भाग यांकडे वळावे. दोघेही नोकरी सांभाळून आठवड्याचे चोवीस-पंचवीस तास देत असतील तर आमच्या मापाच्या बोटीला चार कोरडे हंगाम धरावेत. आम्ही तीन धरले होते आणि चार लागले.

पहिले काम : आठ फुटी होडी

मोठ्या बोटीचे प्लायवूड आणण्याआधी आठ फुटांची छोटी होडी बांधावी. नांगरलेल्या बोटीवरून किनाऱ्यावर जाण्यासाठी ती लागणारच असते, त्यामुळे हा सराव वाया जात नाही. प्लायवूडचे तुकडे कापून, कडांना बारीक छिद्रे पाडून, तांब्याच्या तारेने ते एकमेकांना टाके घालून जोडायचे, मग आतल्या कोपऱ्यात लाकडाची पूड मिसळलेल्या इपॉक्सीची गोलसर भर द्यायची आणि तिच्यावर काचतंतूची पट्टी बसवायची, अशी ही पद्धत आहे. फळ्या शिवून नौका बांधणे आपल्या किनाऱ्याला नवे नाही. मे २०२५ मध्ये नौदलात दाखल झालेली ‘कौंडिण्य’ ही काथ्याच्या दोरीने शिवलेली नौका गोव्यातच बांधली गेली. प्लायवूडच्या होडीत तारेचे टाके केवळ सांधा पक्का होईपर्यंतच असतात आणि नंतर ते काढून टाकतात, एवढा फरक.

या होडीला सहा मिलिमीटर जाडीची प्लायवूडची तीन-चार पाने पुरतात आणि सुट्टीच्या दिवसांत काम केले तरी दीड-दोन महिन्यांत ती पाण्यात जाते. याहून महत्त्वाचे म्हणजे दोघांनी शेजारी उभे राहून, घट्ट होत चाललेल्या मिश्रणाशी झटत काम करताना आपापला स्वभाव कसा असतो, हे तेवढ्यात कळते. आमच्यात मोजमाप माझ्याकडे आणि कापणे पतींकडे असे ठरले; मात्र कापण्याआधी दुसऱ्याने माप पुन्हा घ्यायचेच, हा नियम पहिल्या चुकलेल्या पानानंतर आला.

इपॉक्सी आणि गोव्याची हवा

या विषयावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण नवख्यांच्या बहुतेक चुका येथेच होतात आणि त्या दिसायला काही महिने जातात.

इपॉक्सीचे दोन भाग असतात, राळ आणि हार्डनर. त्यांचे प्रमाण उत्पादकाने दिलेले असते आणि ते तंतोतंत पाळावे लागते. लवकर सुकावे म्हणून हार्डनर वाढवणे किंवा वेळ मिळावा म्हणून तो कमी करणे, दोन्ही चूक आहे. तसे केल्यास मिश्रण कधीच पूर्ण पक्के होत नाही. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्यावा, एकावेळी दीडशे-दोनशे ग्रॅमच कालवावे आणि कालवून झाले की लगेच पसरट ट्रेमध्ये ओतावे. खोल डब्यात ते स्वतःच्याच उष्णतेने तापते, धूर सोडते आणि काही मिनिटांत दगड होते. तापमान दहा अंशांनी वाढले की हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा होतो, हे लक्षात ठेवून गोव्यात नेहमी संथ सुकणारा हार्डनरच मागावा.

लाकडावर इपॉक्सीचा पहिला हात दुपारनंतर, हवा थंड होत जाताना द्यावा. सकाळी दिलेल्या हाताखाली लाकूड तापत जाते, त्यातली हवा बाहेर पडते आणि पृष्ठभागावर बारीक बुडबुडे उमटतात. उतरत्या तापमानात लाकूड उलट इपॉक्सी आत ओढून घेते. पुढचा हात आधीचा थर नखाने दाबल्यास खूण उमटेल इतपत कच्चा असतानाच दिला तर दोन्ही थर एकजीव होतात. थर पूर्ण कडक झाला असेल तर घासल्याशिवाय पुढचा हात देऊ नये.

दमट हवेत सुकलेल्या इपॉक्सीवर मेणासारखा चिकट, पातळ थर येतो. तो डोळ्यांना दिसेलच असे नाही. पहिल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस, ढग भरून आलेले असताना, हंगाम हातचा जाऊ नये म्हणून आम्ही एका बाजूवर घाईने शेवटचा हात दिला आणि दुसऱ्या दिवशी तसेच पॉलिश पेपरने घासून त्यावर रंग लावला. चार महिन्यांनी तो रंग पापुद्र्यांसारखा सुटला. हा थर पाण्यात विरघळतो. त्यामुळे घासण्याआधी स्वच्छ पाणी आणि खरखरीत घासणीने तो धुऊन पुसून काढला असता तर काम निभावले असते. आधी घासल्यामुळे ते मेण उलट आत चोळले गेले. ती बाजू पुन्हा लाकडापर्यंत घासण्यात आमचे सात रविवार गेले. शेडमध्ये आर्द्रतामापक लावावा आणि काटा ८५ टक्क्यांच्या वर असेल तर त्या दिवशी डबा उघडू नये.

काचतंतूचे कापड विणलेले घ्यावे. बाजारात स्वस्त मिळणारी, तुटक तंतूंची चटई पॉलिस्टर राळेसाठी बनवलेली असते. तिच्यातील बंधक इपॉक्सीत विरघळत नाही आणि चटई नीट भिजत नाही. पॉलिस्टर राळ स्वस्त असली तरी लाकडाला ती इपॉक्सीइतकी घट्ट धरत नाही, म्हणून लाकडी बोटीवर ती वापरू नये.

आरोग्याबाबत तडजोड करू नये. इपॉक्सी वारंवार त्वचेला लागल्यास कायमची ॲलर्जी होते आणि मग त्या व्यक्तीला हे काम सोडावेच लागते. नायट्राइलचे हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, घासताना धुळीचा चांगला मास्क लावावा, आणि हात कधीही थिनरने धुऊ नयेत, कारण थिनर ते रसायन त्वचेत आणखी खोल नेतो.

लाकूड, कवच आणि तळाचे वजन

प्लायवूड आयएस ७१० मानकाचे मरीन प्लायच घ्यावे. या मानकाच्या चाचणीत नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात. तरीही शिक्क्यावर विसंबू नये. प्रत्येक खेपेतील एका पानाचा तुकडा कापून कडेला पोकळ्या दिसतात का ते पाहावे आणि घरीच वारंवार उकळून-वाळवून थर सुटतात का ते तपासावे. आम्ही एकदा अर्धी खेप परत केली होती. आतील सांगाड्यासाठी आपल्याकडे सागवान आणि फणस दोन्ही मिळतात; सागात तेल असल्यामुळे चिकटवण्यापूर्वी पृष्ठभाग अ‍ॅसिटोनने पुसावा लागतो. लाकडातील ओलावा मापकाने पाहावा आणि तो १२ टक्क्यांच्या वर असल्यास थांबावे. पाने जमिनीला टेकवून ठेवू नयेत, वाळवीला एक रात्र पुरते.

आठ फुटी पाने लांब करण्यासाठी तिरकस सांधा करतात. उतार जाडीच्या आठपट असावा, म्हणजे १२ मिलिमीटरच्या पानाला ९६ मिलिमीटरचा उतार. बोटीचे कवच उलटे, साच्यांवर बांधले जाते आणि बाहेरून काचतंतू चढवून झाल्यावर ते पलटतात. पलटण्याच्या दिवशी दोन चेनकप्प्या, जुने टायर आणि दहा-बारा माणसे लागतात. सूचना मात्र एकानेच द्याव्यात.

तळाचे वजन शिशाचे असेल तर ते घरी ओतू नये. शिसे ३२७ अंशांना वितळते, त्याची वाफ आणि धूळ विषारी असते, आणि साच्यात पाण्याचा थेंब जरी राहिला तरी वाफेच्या स्फोटाने वितळलेला धातू उडतो. साचा आपण करून द्यावा आणि ओतकाम भट्टीवाल्याकडून घ्यावे. कील धरून ठेवणारे बोल्ट आणि पाण्याजवळचे सर्व धातू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे असावेत. ३०४ दर्जाचे स्टील दुकानात चकचकीत दिसते, पण खाऱ्या पाण्यात त्याला लवकर खड्डे पडतात.

कवच पलटून रंगले की बोट जवळजवळ झाली असे वाटते. प्रत्यक्षात तोवर एक तृतीयांश काम झालेले असते, आणि अनेक जोडपी येथेच थकतात. या टप्प्यावर आम्ही सहा आठवडे शेडला कुलूप लावले होते. तसे करण्यात काही गैर नाही.

शिडे, इंजिन आणि नांगर

एक डोलकाठी, एक मोठे शीड आणि एक पुढचे शीड, एवढी रचना पुरते. मोठ्या शिडाला आखडण्याच्या तीन पायऱ्या शिवून घ्याव्यात आणि आखडण्याचे सर्व दोर एकाच जागी आणावेत, जेणेकरून अंधारात एकट्याला ते चाचपून ओळखता येतील. इंजिन छोटे चालेल, परंतु इंधनातील पाणी वेगळे करणारा फिल्टर अवश्य बसवावा.

नांगराबाबत हात आखडू नये. आमच्या बोटीला सोळा किलोचा नांगर आणि आठ मिलिमीटरची पन्नास मीटर साखळी आहे. ती ओढायला हाताने चालणारा विंच आहे, कारण नुसत्या हातांनी ती मला निघत नाही. साखळी किती सोडावी याचा हिशोब भरतीच्या पाण्यावर करावा. ओहोटीला चार मीटर पाणी असेल, भरती दोन मीटर चढणार असेल आणि बोटीची नाळ (पुढचे टोक) पाण्यापासून एक मीटर उंच असेल, तर एकूण सात मीटर होतात. त्याच्या पाचपट म्हणजे ३५ मीटर साखळी सोडावी. पहिल्या वर्षी मी ओहोटीचे चारच मीटर धरून वीस मीटर साखळी सोडली आणि मध्यरात्री, भरती पूर्ण चढल्यावर, नांगर घसरू लागला. मांडवी आणि झुआरीत प्रवाह दर सहा तासांनी उलटतो आणि बोट पूर्ण फिरते, म्हणून आजूबाजूला साखळीच्या लांबीएवढी मोकळी जागा आहे का, तेही पाहावे.

कागदपत्रे आणि संपर्क

नोंदणी, विमा आणि दोघांची ओळखपत्रे पाण्यापासून सुरक्षित पिशवीत बोटीवरच ठेवावीत. किनारी पोलीस आणि तटरक्षक दल ती कोठेही मागू शकतात. तटरक्षक दलाचा आपत्कालीन क्रमांक १५५४ आहे आणि व्हीएचएफ रेडिओवर संकटकाळी १६ क्रमांकाचा चॅनल वापरतात. रेडिओसाठी परवाना लागतो. उपग्रह फोन किंवा उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे उपकरण दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय जवळ बाळगणे भारतात गुन्हा ठरतो, हे परदेशातील माहिती वाचून खरेदी करणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावे. नकाशे डेहराडूनच्या राष्ट्रीय जलालेखन कार्यालयाचे घ्यावेत आणि लाटांचा अंदाज हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेकडून रोज पाहावा.

बोटीवरचा संसार

पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी दिवसाला पाच लिटर पाणी धरावे. दोघांना दोन आठवड्यांसाठी १४० लिटर होते. ते दोन टाक्यांत विभागावे, म्हणजे एक गळली किंवा नासली तरी दुसरी उरते. भांडी समुद्राच्या पाण्यात घासून शेवटी थोड्या गोड्या पाण्याने विसळावीत; नदीचे पाणी त्यासाठी वापरू नये. प्रेशर कुकर हे बोटीवरचे सर्वांत उपयुक्त भांडे आहे, कारण बोट हलली तरी त्यातले काही सांडत नाही. गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळल्यास तो तळाशी साचतो आणि ठिणगीची वाट पाहतो. म्हणून सिलिंडर वरच्या अंगाला, थेट बाहेर निचरा होणाऱ्या बंद कप्प्यात ठेवावा आणि वापर झाला की सिलिंडरपाशीच बंद करावा.

शिधा आपल्या घरचाच चालतो. तांदूळ, पोहे, नारळ, आगळ, लोणचे आणि कुळथाचे पीठ हे शीतकपाटाशिवाय टिकते. लाटांत फार वेळ खाली वाकून उभे राहवत नाही, तेव्हा दहा मिनिटांत होणारी कुळथाची पिठी आणि भात यांनी आम्हाला कितीतरी वेळा तारले आहे. समुद्र लागण्यावरचे औषध त्रास सुरू झाल्यावर नव्हे, तर निघण्याच्या तासभर आधी घ्यावे. ऊन हा खरा शत्रू आहे. बोटीला पूर्ण सावली देणारे कापड शिवल्याशिवाय गोव्यात राहायला जाऊ नये.

आठवड्यातून एक दिवस प्रत्येकाने बोट एकट्याने चालवावी आणि दुसऱ्याने केबिनमध्ये गप्प बसावे. पाण्यात पडलेल्याला वर घेण्याचा सरावही शांत पाण्यात, दोघांनी आळीपाळीने करावा. बेशुद्ध माणसाला हातांनी ओढून वर घेता येत नाही. त्यासाठी डोलकाठीच्या दोराला कप्प्यांचा संच लावून ठेवावा लागतो. माझे पती माझ्याहून पंचवीस किलोंनी जड आहेत. त्यांना मी पहिल्यांदा त्या कप्प्यांनी वर घेतले, त्या दिवसानंतरच आम्ही नदीमुखाबाहेर जाण्याचा दिवस ठरवला.

पहिला प्रवास

प्रवासाचा हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत धरावा. या दिवसांत पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटतो. पहिली सफर उत्तरेला मालवणची करावी, असा माझा सल्ला आहे. आग्वादपासून ते अंतर सुमारे चाळीस सागरी मैल आहे. उजाडता उजाडताच मतलई वाऱ्यावर निघावे, म्हणजे दुपारचा समोरचा वारा सुरू होईपर्यंत बरेच अंतर कापले जाते, आणि परतताना तोच वारा पाठीशी राहतो. दक्षिणेला कारवारकडे आधी गेल्यास जाणे सोपे आणि येणे कष्टाचे होते, शिवाय तेथे नौदल तळ आणि अंजदीव बेट यांपासून दूर राहावे लागते. मालवणात सिंधुदुर्गाभोवती पाण्याखाली खडक आहेत. तेथे उजेडातच आणि स्थानिक तांडेलाला वाट विचारूनच शिरावे. वेळ होत असेल तर वेंगुर्ल्याला थांबावे, हट्टाने पुढे जाऊ नये.

नदीमुखाचा बार (वाळूचा उथळ पट्टा) ओलांडताना भरती चढत असतानाच जावे. ओहोटीचा प्रवाह बाहेर आणि लाटा आत, असे समोरासमोर आले की शापोरा किंवा साळ नदीच्या मुखाशी लाटा उभ्या राहून फुटतात. दहा मिनिटे दूर थांबून लाटा कोठे फुटतात ते पाहावे, मच्छीमारांच्या होड्या कोणत्या वाटेने जातात ते पाहावे आणि शंका वाटल्यास बाहेर समुद्रातच थांबावे. किनाऱ्यालगत जाळ्यांचे तरंग आणि रात्री दिवा नसलेल्या होड्या असतात, त्यामुळे पहिल्या वर्षी रात्री किनाऱ्याजवळ चालवू नये. इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्यात जाळे अडकल्यास इंजिन ताबडतोब बंद करावे. सुरी आणि पाण्यातला चष्मा हाताशी असावा, आणि जाळे कापावे लागले तर ज्याचे आहे त्याला शोधून भरपाई द्यावी.

लक्षद्वीप गोव्याहून साधारण तीनशे सागरी मैलांवर आहे आणि तेथे प्रवेशासाठी परवाना लागतो. दोन हंगाम किनाऱ्याने प्रवास झाल्याशिवाय तो विचार करू नये.

पावसाळ्यापूर्वी

मे महिन्यात अरबी समुद्रात चक्रीवादळे होतात. १६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा पावसाळा अजून दोन-तीन आठवडे दूर होता. म्हणून मच्छीमारीबंदीच्या १ जूनची वाट न पाहता मेच्या पहिल्या आठवड्यातच बोट नदीत वर, आडोशाला न्यावी किंवा जमिनीवर घ्यावी. शिडे उतरवून गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून घरी न्यावीत. सर्व कप्प्यांची दारे उघडी ठेवावीत, गाद्या उभ्या कराव्यात, हवा खेळेल अशा रीतीने वरून ताडपत्री बांधावी आणि तिच्यावर पाणी साचू देऊ नये. तळाचा रंग, धातू गंजू नयेत म्हणून लावलेले जस्ताचे तुकडे आणि कीलच्या बोल्टांभोवतीचा सांधा याच वेळी तपासावा. सांध्यात गंजाची रेघ दिसली तर पुढच्या हंगामाची पहिली तारीख त्या दुरुस्तीनंतरचीच ठरवावी. दर रविवारी दोघांपैकी एकाने जाऊन तळातले पाणी पाहावे आणि किती बादल्या निघाल्या ते तारखेसह वहीत लिहावे, कारण आकडा वाढत गेला तर गळती कोठे आहे हे पावसातच शोधावे लागते.